वाचक विचारतात: रुग्णालयाच्या दारात वाहिन्यांचे बूम (माइक)

प्रश्न: मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी रुग्णालयात जनसंपर्काचं काम पाहते. बस अपघातातले जखमी आमच्याकडे आले, त्या दिवशी रात्रीपर्यंत फोन थांबला नाही. प्रत्येक वाहिनीवर मृतांचा आकडा वेगळा आणि हवाला मात्र ‘रुग्णालय सूत्रांचा’. अशा वेळी नेमकं काय करायचं?

उत्तर: आकडे वेगळे येतात, कारण प्रत्येकाची मोजणी वेगळी असते. कॅज्युअल्टीच्या वहीत ‘मृतावस्थेत आणले’ अशी नोंद असते, उपचारांदरम्यान दगावलेल्यांची नोंद वॉर्डात, आणि पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवलेले दोन्हीकडच्या यादीत येतात. म्हणून आधी एकच कागद करा. एकूण आणलेले किती, हे वर लिहा. खाली सध्या दाखल, घरी सोडलेले, पुढे पाठवलेले, मृतावस्थेत आणलेले आणि उपचारांदरम्यान दगावलेले. खालच्या पाचांची बेरीज वरच्या आकड्याशी जुळल्याशिवाय तो कागद बाहेर जाऊ देऊ नका.

बोलणारा माणूस एकच, शक्यतो वैद्यकीय अधीक्षक. तुम्ही फोनजवळ वही घेऊन बसा: वेळ, नाव, वाहिनी किंवा दैनिक, नंबर, प्रश्न, उत्तर कधीपर्यंत हवं. पुढचं निवेदन किती वाजता, ते आधीच सांगून ठेवा. चार वाजता म्हटलं असेल तर नवीन काही नसलं तरी चारला बाहेर या आणि ‘स्थितीत बदल नाही’ एवढं तरी सांगा. ही वेळ चुकली की कॅमेरे आत शिरतात आणि ज्या आईला अजून काहीच कळलेलं नाही, तिच्या तोंडासमोर बूम धरला जातो. सगळा आटापिटा करायचा तो हे टाळण्यासाठी. नातेवाइकांची खोली फाटकापासून लांब ठेवा, दाराशी समाजसेवा अधीक्षक किंवा एखादी सिस्टर बसवा, आणि प्रत्येक बातमी आधी त्या खोलीत सांगा, मग बाहेर.

मृतांची नावं ओळख पटून घरच्यांना कळेपर्यंत देऊ नका. शवविच्छेदन अहवालाआधी मृत्यूचं कारण बोलू नका. ‘ड्रायव्हर प्यायला होता का?’ हा प्रश्न येणारच. रक्ताचा नमुना घेऊन पोलिसांकडे दिला असेल तर तेवढंच सांगा, अंदाज नको. नुसतं ‘नो कॉमेंट’ म्हणाल तर काहीतरी लपवताय असंच वाटेल. का सांगता येत नाही आणि कोण सांगू शकेल, हेही सांगा.

चुकीचा आकडा गेलाच, तर पत्रकारांच्या ग्रुपवरचा मेसेज गुपचूप डिलीट करू नका. वेळ घालून ‘आधीचा आकडा चुकीचा होता, बरोबर हा’ असा नवा पाठवा.

प्रश्न: रुग्ण लैंगिक अत्याचाराची पीडित असेल तर? नाव सोडून बाकी माहिती द्यायला हरकत नाही ना?

उत्तर: हरकत आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. शिक्षा 2 वर्षांपर्यंत कैद आणि दंड. बालक असेल तर पॉक्सोचं (बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं) कलम 23 घर, शाळा, कुटुंब, परिसर या सगळ्यालाच लागू होतं. छोट्या गावात ‘सातवीतली मुलगी, वडील अमुक कारखान्यात’ एवढ्यावरून घर सापडतं. प्रकृती स्थिर की गंभीर, एवढंच सांगा. केसपेपर कुलपात ठेवा आणि वॉर्डाबाहेरच्या फलकावरचं नाव आजच पुसा.