आयोवरचे ज्वालामुखी पृथ्वीवरून कसे दिसतात?

प्रश्न : गच्चीवरच्या छोट्या दुर्बिणीतून गुरूचा आयो हा उपग्रह केवळ ठिपका दिसतो. मग त्यावरील ज्वालामुखींचे उद्रेक शास्त्रज्ञ पृथ्वीवरून कसे ओळखतात? (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : मे महिन्यात आपल्या नागपुरात दिवसभर तापलेल्या भिंतीजवळ रात्री उभे राहिले, तर ती प्रकाशत नसूनही तिची धग जाणवते, कारण ती अवरक्त किरण बाहेर टाकत असते. आयोवरचा लाव्हा त्याहून कितीतरी अधिक तप्त असल्याने साधारण २ ते ५ मायक्रोमीटर तरंगलांबीत तो ठळकपणे उजळतो. आयो गुरूच्या सावलीत शिरला की त्याच्यावरून परावर्तित होणारा सूर्यप्रकाश नाहीसा होतो आणि केवळ तप्त स्थळे चमकत राहतात. मला स्वतःला हे निरीक्षण फार विलक्षण वाटते. त्याहून सुंदर युक्ती अशी, की आयो गुरूच्या कडेआड जाताना एकेक ज्वालामुखी झाकला जातो, तेजस्विता टप्प्याटप्प्याने घटते आणि प्रत्येक घटीच्या क्षणावरून त्या स्थळाची जागा काढता येते.

हवेतील बाष्प अवरक्त किरण शोषते, म्हणून हवाई बेटावरील सुमारे ४,२०० मीटर उंचीच्या मौना केआवर अशा दुर्बिणी आहेत. तेथील केक दुर्बीण वातावरणाची थरथर आरशाचा आकार सतत बदलून दुरुस्त करते, त्यामुळे सुमारे २०० किलोमीटर रुंदीचे लोकी पटेरा हे आयोवरचे ज्वालामुखी विवर वेगळे ओळखता येते.