लँडस्केपला जायचंय? मग बहिणीला गणित सोडू देऊ नकोस

कागलजवळचं गाव, वडिलांची नर्सरी, तुझं बी.एस्सी. ॲग्रीचं शेवटचं वर्ष. एका संस्थेत तुला सांगितलंय, 'एक वर्षाचा लँडस्केपचा डिप्लोमा करा, पुढं एम.आर्क.ला थेट प्रवेश.' (बी.आर्क. ही आर्किटेक्चरची पदवी, एम.आर्क. त्यापुढची पदव्युत्तर.) धाकटी बहीण आत्ताच अकरावीला आलीय, तिलाही याच क्षेत्रात यायचंय, म्हणून तिनं बायोलॉजी घेतली आणि गणित सोडलं. तुझ्या पोस्टमधला एवढाच भाग मी तीनदा वाचला. गाव आणि साल बदललं तर ही माझीच गोष्ट आहे. तू वयानं बराच लहान आहेस म्हणून एकेरी लिहिते, राग मानू नको.

बागकाम म्हणजे झाडं लावणं-जोपासणं आणि लँडस्केप आर्किटेक्चर म्हणजे मोकळ्या जागांचं डिझाइन, हा फरक तुला माहीत आहे असं धरून चालते. 'कोल्हापुरात स्कोप आहे का' यावर खाली लिहिलंय. पण सगळ्यात आधी, त्या डिप्लोम्याची फी भरू नकोस. निदान त्यांच्याकडून लेखी घेतल्याशिवाय तरी नाही.

माझं काय झालं ते सांगते. दहावीला मार्क बरे होते. लहानपणापासून टाऊन हॉलच्या बागेत आजोबांबरोबर जायची, तिथल्या जुन्या झाडांची नावं पाठ होती. झाडांचं काहीतरी करायचं एवढं पक्कं होतं. झाडं म्हणजे बायोलॉजी, म्हणून अकरावीला बायोलॉजी घेतली आणि 'कशाला हवंय ते' म्हणून गणित टाकून दिलं. घरात, शाळेत कुणीच अडवलं नाही, कारण कुणालाच माहीत नव्हतं. पुढं बॉटनीत बी.एस्सी. केलं, 2005 ला हातात डिग्री आली. त्याच वर्षी महापूर आला आणि पंचगंगा गावात कुठवर येते ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. नदीकाठाचं, मोकळ्या जागांचं काम करणारी माणसं असतात आणि त्या कामाला लँडस्केप आर्किटेक्चर म्हणतात, हेही तेव्हाच कळलं.

मग एका मोठ्या शहरातल्या संस्थेत गेले. नाव सांगणार नाही, विचारू नकोस. काउंटरवरच्या माणसाला मी स्पष्ट विचारलं होतं, 'माझं बी.आर्क. नाही, बारावीला गणितही नाही. हा डिप्लोमा करून एम.आर्क. लँडस्केपला बसता येईल का?' तो म्हणाला, 'येईल की मॅडम, आमची मुलं गेलीत.' कुठली मुलं, कुठल्या कॉलेजात, ते मी विचारलं नाही. आईनं पाटल्या गहाण ठेवून फी भरली. वर्षभर चांगलं शिकवलं, ते नाकारत नाही. पण ज्या दिवशी एम.आर्क.चा अर्ज घेऊन गेले, त्या दिवशी तिथल्या बाईंनी कागद बघितले आणि एका मिनिटात परत दिले. 'बी.आर्क. कुठंय?' एवढंच विचारलं त्यांनी. त्यांची चूक नव्हती. माहितीपत्रकात पात्रता छापलेली होती, मीच ते विकत घेऊन वाचलं नव्हतं.

मी पुन्हा त्या संस्थेत गेले. काउंटरवर दुसरा माणूस. म्हणे, असं कुणी सांगितलंच नसेल. साहेब आल्यावर या. साहेब तीन खेपांत भेटले नाहीत. चौथ्या खेपेला भेटले आणि म्हणाले, समकक्षतेचं, म्हणजे हा डिप्लोमा पदवीच्या बरोबरीचा धरावा असं पत्र देतो, पुढच्या आठवड्यात या. ते पत्र मला आजवर मिळालेलं नाही. दर खेपेला रात्रीची एसटी, दिवसभर बाकड्यावर बसणं आणि परत रात्रीची एसटी. त्या पत्राच्या आशेवर मी आणखी एक वर्ष घालवलं, आणि हे वर्ष मला डिप्लोम्याच्या वर्षापेक्षा जास्त जिव्हारी लागलं. डिप्लोम्यात निदान चार गोष्टी शिकले. त्या वर्षात फक्त 'उद्या या' ऐकलं. मुलाचं करिअर काउंटरवरच्या एका 'येईल की'वर टांगलेलं असतं, हे त्या लोकांना दिसत नाही का? इतक्या वर्षांनीही मला त्याचा संताप येतो.

म्हणून सांगते, तोंडी उत्तर हे उत्तरच नव्हे. 'या डिप्लोम्यावर अमुक विद्यापीठाच्या एम.आर्क. लँडस्केपला प्रवेश मिळतो' असं लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी द्या म्हणावं. दिलं तरी ज्या कॉलेजात जायचंय तिथं ते पत्र दाखवून विचार, कारण प्रवेश ते देणार आहेत, डिप्लोमावाले नव्हे.

आता नियम, मला माहीत आहेत तेवढे. मी प्रवेश समितीवर नाही, वकीलही नाही, अटी दरवर्षी थोड्या बदलतात, तेव्हा त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक हाच शेवटचा शब्द. एम.आर्क. असं नाव असलेल्या बहुतेक ठिकाणी आधी पाच वर्षांचं बी.आर्क. लागतं. बी.आर्क.ला नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर, आणि बारावीला गणित. बाकीच्या विषयांच्या अटी मागेपुढे झाल्या, गणिताची मात्र टिकून आहे. झाडांवर प्रेम असलेली मुलं बायोलॉजीकडं वळतात आणि नेमकं तेच दार त्यांना बंद होतं. माझ्याकडं काम शिकायला आलेल्या मुलांमध्ये मी हे निदान चार वेळा पाहिलंय.

इथं एक गंमतीची वाटेल अशी पण महत्त्वाची गोष्ट आहे. आर्किटेक्ट ही पदवी कुणी लावायची हे 1972 च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनं ठरवलंय. पण त्याच कायद्याच्या कलम 37 मध्ये लँडस्केप आर्किटेक्टला त्यातून वगळलंय. झाडं, वनस्पती आणि भूदृश्याशी संबंधित मोकळ्या जागांचं डिझाइन करणारा, अशी साधारण व्याख्याही दिलीय. म्हणजे हे काम करायला कायदा तुला अडवत नाही. अडवतं ते पदव्युत्तर प्रवेशाचं दार, आणि पुढं टेंडरची पात्रता, आणि मोठ्या ऑफिसातली नोकरी. 'कायद्यात अट नाही' हे वाक्य डिप्लोमावाले फार वापरतात. ते खरं आहे, पण अर्धंच. 2003 पासून इसोला ही लँडस्केप आर्किटेक्टांची संस्था आहे, तिच्या सभासदत्वाच्या अटी एकदा वाच, म्हणजे हा व्यवसाय स्वतःला कसा बघतो ते कळेल.

शेवटी मी बारावीचं गणित एकच विषय म्हणून बाहेरून दिलं. तेव्हा तसं देता आलं, आता तुमच्यापैकी कुणाला द्यायचं असेल तर कोल्हापूरच्या विभागीय मंडळात जाऊन विचारा, फोनवर नको. शिवाजी पेठेतल्या एका निवृत्त सरांनी पहाटे पाच ते सात शिकवलं, एक रुपया घेतला नाही. मग नाटा, मग बी.आर्क. वर्गात सगळे अठराचे आणि मी त्यांच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. त्यानंतर दोन वर्षं नोकरी, मग एम.आर्क. लँडस्केप. एकूण हिशेब केला तर अकरावीतल्या त्या एका टिकमार्कनं माझी सहा वर्षं गेली.

आणि गणित नुसतं दारावरच लागतं असं नाही. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. हजार चौरस मीटरच्या शाळेच्या आवारात 50 मिलिमीटर पडला तर 50,000 लिटर. कोल्हापुरात जुलैमध्ये असा दिवस काही नवलाचा नाही. ते पाणी कुठून कुठं जाणार, फरशीला शंभरात एक उतार पुरेल का पन्नासात एक लागेल, व्हीलचेअरच्या रॅम्पला बारात एक ठेवला तर लांबी किती होते, टेकाड कापून खड्डा भरला तर माती उरते का कमी पडते, हेच रोजचं काम. झाडं कागदावर सगळ्यात शेवटी येतात. शिवाय इथली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वर नुसते पेव्हिंग ब्लॉक टाकले की दोन वर्षांत लाटा. पन्हाळ्याकडं वर गेलास की जांभा दगड, तिथं खड्डाच खणता येत नाही. हे शिकायला गणित, भूगोल आणि चिखल तिन्ही लागतात.

आता तुझ्याबद्दल. मला विचारशील तर तू बी.आर्क.च्या मागं लागू नकोस, अगदीच ध्यास असेल तर गोष्ट वेगळी. तुझ्या डिग्रीवर कृषी विद्यापीठांतलं एम.एस्सी. आहे, त्यात फ्लोरिकल्चर आणि लँडस्केपिंगची शाखा असते. त्यानं तू आर्किटेक्ट होणार नाहीस, हे आत्ताच नीट समजून घे, नावात लँडस्केप आहे म्हणून फसू नकोस. पण महापालिकांच्या उद्यान विभागात सहसा उद्यानविद्या किंवा कृषीची पदवीच मागतात, तिथं माझ्या एम.आर्क.ला कुणी विचारत नाही. आणि तुझ्याकडं जे आहे ते आम्हा डिझाइनवाल्यांकडं नसतं. कलम कधी धरतं, पिशवीत मुळं गुंडाळली गेली असली तर झाड पुढं दहा वर्षांनी वादळात कसं पडतं, हे तुझ्या वडिलांना माहीत असणार. मी ड्रॉइंगवर ताम्हण, बहावा, करंज, कदंब लिहिते आणि नर्सरीत मिळतात फॉक्सटेल पाम आणि कोनोकार्पस ही परदेशी झाडं. गुजरातनं 2023 मध्ये कोनोकार्पस लावायला बंदी केली, आपल्याकडं अजून कंपाउंडच्या कडेनं रांगा लावतात. देशी झाडांची आठ-दहा फुटी, सरळ बुंध्याची रोपं जो तयार करून देईल त्याला या जिल्ह्यात काम कमी पडणार नाही, असं माझं मत आहे. मत आहे, हमी नाही.

दिल्लीला कधी गेलास तर सुंदर नर्सरी बघून ये. हुमायूनच्या कबरीशेजारची नव्वदेक एकर जागा, इंग्रजांच्या काळात खरंच नर्सरी होती. तिचं डिझाइन मोहम्मद शहीर यांनी केलं. ती 2018 ला लोकांसाठी खुली झाली तेव्हा ते हयात नव्हते, 2015 मध्येच गेले. नर्सरीच्या घरातल्या मुलानं ती जागा बघायलाच हवी.

बहिणीची गोष्ट वेगळी. तिला डिझाइनच करायचं असेल तर सरळ रस्ता बी.आर्क. आणि मग एम.आर्क. दिल्ली आणि भोपाळचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचं सेप्ट, पुण्यात भानुबेन नानावटी कॉलेज, ही लँडस्केपची ठरलेली ठिकाणं. बायोलॉजी सोडायची गरज नाही, गणित आणि बायोलॉजी दोन्ही ठेवता येतात. अभ्यास जड जाईल, जाऊ दे.

कोल्हापुरातला स्कोप. खोटं सांगत नाही, सुरुवातीची वर्षं पैशाला कठीण जातात. पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा भागातली रिसॉर्ट, फार्महाऊस, शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांची आवारं, शाळा, एवढ्यावर घर चालतं. लोक डिझाइनची फी देत नाहीत, म्हणतात 'झाडं तुमच्याकडूनच घेऊ की, त्यात काढा.' तसं करू नकोस. नर्सरीकडून कमिशन घ्यायला लागलास की जास्त झाडं आणि महाग झाडं कागदावर यायला लागतात. फी वेगळी, लेखी, आणि काही हिस्सा आगाऊ. माझं एक अख्खं फार्महाऊस तोंडी बोलण्यावर बुडालं, त्यामुळं हे जोर देऊन सांगते.

पण मी पुणे सोडून परत आले ती नदीसाठी. 2019 आणि 2021, दोन्ही वेळा पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 43 आहे. प्रयाग चिखली, आंबेवाडी या नदीकाठच्या गावांत काय झालं ते तू पाहिलं असशील. निळी पूररेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर पोचतो ती हद्द, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. या दोन रेषांच्या मधल्या जागेत काय असावं, गवत, झाडं, खेळाचं मैदान, ऊस का भिंत, हा लँडस्केपचा प्रश्न आहे आणि तो आपल्या गावाचा आहे. तळ्याला सिमेंटचा कठडा आणि दिवे म्हणजे सुशोभीकरण, ही समजूत बदलायला इथलीच माणसं लागतील. रंकाळ्यावर मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा, वही घेऊन सगळी फेरी मार. पाणी कुठून येतं, कुठं साचतं, कुठल्या झाडाखाली माणसं बसतात, एवढंच लिही. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानातही जाऊन ये. सॉफ्टवेअरच्या क्लासला पैसे घालण्याआधी हे कर. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते घरी शिकता येतं.

बहिणीचं मात्र उद्याच बघ. अकरावी सुरू होऊन फार दिवस झाले नसतील तर विषय बदलून मिळण्याची शक्यता असते. वडिलांना घेऊन प्राचार्यांना भेट, लेखी अर्ज दे आणि पोच घे. कारकुनानं 'बघू' म्हटलं तर तिथून उठू नका.

आणि वडिलांच्या नर्सरीत वाळुंजाची रोपं आहेत का ते कळव. ओढ्याकाठच्या फांद्या तोडून लावल्या तरी धरतात, पण मला पावसाच्या तोंडावर दोनशे तयार हवीत. पैसे रोख देईन, बिल मात्र लागेल.