पिक्चरसारखं झालं की नाही, हे बघायचंच नाही

प्रश्न : ताई, शाळांच्या नाट्यस्पर्धेला यंदा मला परीक्षक म्हणून बोलावलंय. ॲनिमेशन पिक्चरवरून बसवलेली म्युझिकल्स, म्हणजे इंग्रजी पद्धतीची गाण्यांची नाटकं आहेत सगळी. मी गावच्या जत्रेतल्या नाटकात कामं केलीत, संगीत नाटकं तर लहानपणापासून बघतेय, पण म्युझिकल कधी जोखलं नाही. पिक्चर मुलांना पाठ, पालकांनाही पाठ. मग हुबेहूब करतील त्यांनाच जास्त मार्क द्यायचे का? – एक शिक्षिका, फोंडा

उत्तर : नाही टीचर, हुबेहूबला मार्क अजिबात देऊ नका. पिक्चर घरी टीव्हीवर आहेच, मोबाईलवर पण आहे, त्याच्याशी बरोबरी करायला गेलं तर स्टेज हरणारच, कारण चित्रात सिंह उडी मारतो तशी उडी सातवीतला मुलगा कुठून मारणार? तेव्हा बघायचं ते एवढंच की जे चित्रात सहज होतं ते यांनी माणसांच्या अंगातून, कापडातून, उजेडातून कसं उभं केलं.

'द लायन किंग'चं उदाहरण घ्या, कारण तुमच्याकडे हाच एखाद्या शाळेने घेतलेला असणार असं मला वाटतं. पिक्चर १९९४ चा, दीड तासाच्या आतला. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर स्टेजवर १९९७ ला आला तेव्हा इंटरव्हल धरून अडीच तासांच्या आसपास गेला होता. दिग्दर्शिका ज्युली टेमोर, आणि म्युझिकलच्या दिग्दर्शनासाठी टोनी, म्हणजे अमेरिकेतला रंगभूमीचा मोठा पुरस्कार, मिळवणारी पहिली बाई तीच, १९९८ साली. तिने केलं काय, तर सिंहाचा मुखवटा नटाच्या तोंडावर न लावता डोक्याच्या वर बसवला, म्हणजे खाली माणसाचा चेहरा दिसतोय, वर सिंह दिसतोय, दोन्ही एकाच वेळी. दुष्काळ दाखवायला स्टेजवर गोल निळं कापड पसरलेलं, ते मधल्या भोकातून हळूहळू खाली ओढून घेतात आणि पाणवठा आपल्या डोळ्यांदेखत आटतो. सिंहिणी रडतात तेव्हा डोळ्यांतून पांढऱ्या कापडी पट्ट्या ओढून काढतात. काठी कुठे, कापड कुठे, सगळं समोर दिसतं, लपवलेलं काही नाही आणि तरीही गलबलून येतं. पेडण्याकडे दशावतार बघितलेल्या माणसाला हे समजवायला नको, एका बाकड्याचा राजवाडा होतो आणि कोणी विचारत नाही की खांब कुठे आहेत. तुमच्या मुलांकडे पैसे नसतील, पण असं एक कापड, एक बाकडं त्यांना सुचलंय का ते शोधा आणि सुचलं असेल तर हात आखडू नका.

उलट भाड्याने आणलेले केसाळ ड्रेस बघून भुलू नका. त्या फरवर कॉलरमाईक घासतो, सगळं गाणं खरखरीत जातं, आतलं पोर घामाने निथळतं आणि मान वळवता येत नाही म्हणून सगळी वाक्यं सरळ समोर बघून म्हणतं. फोटो छान येतात पण नाटक मरतं.

आता गाण्यांचं. इथे तुमचा कान तयार आहे, पण सवय थोडी वेगळी आहे. आपल्या नाट्यपदात गोष्ट थांबते, गायक ती भावना खुलवतो, वन्समोअर मिळाला तर पुन्हा गातो, त्यातच मजा आहे. तियात्रात, म्हणजे गोव्याच्या कोंकणी नाटकात, दोन प्रवेशांच्या मधे कांतार, म्हणजे गाणं होतं, त्याचा गोष्टीशी संबंध असायलाच हवा असं काही नाही. म्युझिकलमधे मात्र गाणं सुरू होताना पात्र जिथे होतं तिथून ते गाणं संपेपर्यंत पुढे सरकलं पाहिजे, काहीतरी ठरवलं पाहिजे, कोणाशी तरी जुळलं किंवा बिनसलं पाहिजे. मनातल्या मनात ते गाणं काढून टाका आणि पुढचा प्रवेश बघा, काहीच अडलं नाही तर गाणं कितीही सुरेल असू दे, ते नुसतं सजावटीला आहे. पिक्चरमधे पाच गाणी होती आणि स्टेजवर आणखी घातली ती उगाच नाहीत, पडद्यावर कॅमेरा जवळ जाऊन डोळ्यातलं पाणी दाखवतो, पणजीच्या कला अकादमीत शेवटच्या रांगेत बसलेल्याला ते कसं दिसणार, त्याच्यापर्यंत ते गाण्यातूनच पोचतं.

बदल केले म्हणून पण मार्क कापू नका हं. पिक्चरमधला रफिकी, ते शहाणं म्हातारं माकड, पुरुष आहे, स्टेजवर टेमोरने ती बाई केली, गोष्टीत बाईचं मोठं काम नाही हे तिला खटकत होतं म्हणून, आणि आता ते पात्र असंच शोभतं. बदलाने गोष्टीला काही मिळालं का, एवढंच विचारा.

एक गोष्ट मी नेहमी करते, मधेच स्टेजवरची नजर काढून प्रेक्षकातल्या लहान मुलांकडे बघते. विनोदाला ती हसतातच, पण विनोद नसलेल्या संथ प्रवेशात वेफर्सचं पाकीट वाजायचं थांबलं तर समजा काम झालंय. आणि मागे झाड म्हणून उभं केलेलं पोर, त्याला समोर काय चाललंय ते कळतंय का बघा. हिरोचे मार्क सगळेच देतात, कोरस, म्हणजे मागची सगळी पोरं, गोष्टीत असलेली शाळा मला तरी खूप वरची वाटते.

प्रश्न : रेकॉर्डेड ट्रॅकवर गायले तर कमी मार्क का? आमच्याकडे पेटी-तबलेवाले आहेत पण इंग्रजी गाण्याला बसत नाहीत. – त्याच शिक्षिका

उत्तर : ट्रॅक चालेल, गळा मुलांचा हवा. आवाजही रेकॉर्डेड आणि मुलं नुसते ओठ हलवतात असं असेल तर गायनाचे मार्क शून्य, त्यात दयामाया नको. पेटीवाल्यांना मधल्या प्रवेशांच्या पार्श्वसंगीताला घ्या, जिवंत वाद्याने मुलांना धीर येतो. आणि हो, अशा म्युझिकल्सचे हक्क विकत घ्यावे लागतात, शाळांसाठी तासाभराच्या छोट्या ज्युनियर आवृत्त्या परवान्यावर मिळतात. परवानगीची कागदपत्रं आयोजकांकडून आधीच बघून घ्या, स्पर्धेच्या दिवशी मेकअप करून उभ्या असलेल्या मुलांसमोर तो विषय काढू नका.