प्रकाशानुसार हलणारं शिल्प करायचंय, कोडिंग स्वतः शिकावं की इंजिनिअर मित्राकडून करून घ्यावं?

स्वतः शिका. तुम्ही लिहिलंय की फाईन आर्टला आहात आणि मित्र म्हणतोय तू फक्त फॉर्म कर, बाकीचं मी बघतो. हे वाक्य मी माझ्या घरातच ऐकलेलं आहे म्हणून एवढं लिहायलोय.

मी जालन्याकडचा. आमच्याकडं रब्बीची ज्वारी, आणि फेब्रुवारीत जमिनीतली ओल कमी झाली की भर दुपारी ज्वारीची पानं सुरळी करून घेतात, पाणी उडू नये म्हणून, आणि ऊन उतरलं की परत उलगडतात. मला तेच करायचं होतं. पुरुषभर उंचीचं ज्वारीचं धाट, कडक उजेडात पानं मिटणार, उजेड उतरला की उघडणार. भंगारातून पाईप आणला, ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या कापून ताडपत्रीच्या कापडावर रिव्हेट मारले म्हणजे पान सुरळी होऊ शकतं, दोन्ही कडा आत ओढायला सायकलच्या ब्रेकची वायर, उघडायला बारीक स्प्रिंग, आणि वायर ओढायला बुडाशी सर्व्हो मोटर, म्हणजे सांगू तेवढ्याच कोनात फिरून थांबणारी. इथपर्यंत सगळं माझं. कोड चुलतभावानं लिहिला, तो इलेक्ट्रॉनिक्सवाला, लई हुशार माणूस, त्यात शंका नाही.

त्यानं चालू केलं, वर टॉर्च धरला आणि पानं खटकन मिटली. अर्ध्या सेकंदात. घरचे सगळे टाळ्या वाजवू लागले. मी म्हणलं दादा, ज्वारी अशी मिटत नाही, याला पाव तास लागला पाहिजे. तो म्हणे पाव तास कोण उभा राहणार, रिस्पॉन्स फास्ट नसला तर लोकांना वाटेल बंदच आहे. हे भांडण अजून मिटलेलं नाही, लग्नकार्यात भेटलो तरी निघतंच. शेवटी मी आर्डुइनो, म्हणजे मोटर-सेन्सर चालवणारा छोटा प्रोग्रामचा बोर्ड, स्वतः शिकलो आणि त्याचा कोड काढून माझा टाकला.

त्यात असं अवघड काही नव्हतं. एलडीआर (उजेडानुसार ज्याचा विद्युत रोध बदलतो तो सेन्सर) आणि एक रेझिस्टर, मधला पॉइंट बोर्डाच्या ॲनालॉग पिनला, ० ते १०२३ आकडा येतो, उजेड जास्त तेवढा आकडा मोठा. बाकी सर्किट नेटवर हजार आहेत पण तिथं सगळीकडं १० के (दहा हजार ओहम) रेझिस्टर दाखवतात, ते घरातल्या उजेडाला ठीक. खोलीत उजेड ३००-५०० लक्स (उजेडाचं माप) असतो, उघड्या उन्हात लाखभर, मग आकडा वर जाऊन चिकटतो आणि सकाळचं ऊन नि दुपारचं ऊन त्याला एकच. उन्हासाठी रेझिस्टर १ के किंवा त्याहून कमी घ्या. आलेला आकडा तसाच मोटरला देऊ नका, जुन्या सरासरीत नवीन आकडा थोडा थोडा मिसळत जा, नाहीतर ढग आला गेला की पान थरथरतं. मिटायची आणि उघडायची पातळी वेगळी ठेवा, म्हणजे ७०० ला मिटलं तर ५५० च्या खाली गेल्याशिवाय उघडायचं नाही. आणि लई हळू हलवायचं असेल तर सर्व्होला अंशात सांगू नका, टक टक करत सरकतो, सिग्नलच्या लांबीत, म्हणजे मायक्रोसेकंदात सांगा, एका अंशाला साधारण १० मायक्रोसेकंद पडतात, तेवढी बारीक पायरी मिळते. एलडीआर पानाच्या सावलीत लावायचा नाही, पान मिटलं की त्याच्यावर आणखी उजेड पडतो आणि मग पान उघडतच नाही.

आता यातला कुठला आकडा टेक्निकल आहे आणि कुठला कलेचा, मला सांगा. पान किती वेळात मिटणार, कुठल्या उजेडाला मिटायला लागणार, सगळी एकदम की वरचं आधी, हे सगळं कोडमध्येच ठरतं आणि हलत्या शिल्पात तेच तर शिल्प आहे. ते मित्राच्या हातात दिलं तर तुम्ही फक्त पत्रा कापला.

प्रदर्शनात एका सरांनी हे बघून सांगितलं की हे शिल्प नाही, सायन्सचा प्रोजेक्ट आहे, तिकडच्या हॉलमध्ये ठेवा. त्यांच्यासाठी पण लिहितो. शिल्पकार निकोला शोफर यांनी १९५६ मध्ये सीस्प १ नावाचं हलतं शिल्प केलं, त्यात फोटोसेल आणि मायक्रोफोन होते, उजेड नि आवाजाप्रमाणे ते हलायचं, आणि मार्सेलला गच्चीवर नर्तकांसोबत ते नाचवलं होतं. म्हणजे सरांच्या डिग्रीच्या कितीतरी आधीची गोष्ट. आणि एवढं लांब कशाला, वेरूळला दहा नंबरच्या लेणीत, सुतार की झोपडीत, मार्चमध्ये संध्याकाळी वरच्या गवाक्षातून ऊन आत येतं आणि बुद्धाच्या मूर्तीवर सरकत जातं. तुम्ही मराठवाड्यातलेच असाल तर एकदा जाऊन ते सरकणं पूर्ण बघा, मोबाईल खिशात ठेवून. लोक उभे राहतात दादा, कोणी टाळ्या वाजवत नाही आणि कोणाला ते बंद आहे असंही वाटत नाही.

सूर्यफूल मात्र करू नका, सगळे तेच करायलेत.

एक राहिलंच, सोल्डरिंग आणि पॉवर सप्लाय मित्राकडून करून घ्यायला काही हरकत नाही, मी पण दादाकडूनच करून घेतलं. सर्व्हो आर्डुइनोच्या ५ व्होल्टवर चालवू नका, वेगळा सप्लाय द्या आणि ग्राउंड एकत्र जोडा. जड पानाला छोटा निळा ९ ग्रॅमवाला सर्व्हो पुरत नाही, मेटल गिअरचा घ्या. ब्रेकच्या वायरीला तेल देत राहा. आणि माझं धाट छताखाली, खिडकीच्या उन्हात उभं आहे, तुमचं उघड्यावर असेल तर पावसाचा बंदोबस्त आधी करा, मग कोड.