पहिला खंजीर घेण्याआधी

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले खंजिराचे फोटो मोठे करून दोनदा पाहिले. विकणाऱ्या माणसाला आगाऊ पैसे दिले नाहीस हे फार बरं केलंस. आणखी थोडं थांब.

खंजीर १९३५ च्या नमुन्याचा, जर्मन भूदलाच्या अधिकाऱ्याचा आहे असं तो म्हणतो. असेलही. पण परजेवरचा, म्हणजे मूठ आणि पात्यामधल्या आडव्या पट्टीवरचा, गरुड बघ. पिसं साबणाच्या वडीवर उमटावीत तशी बोथट आहेत. वापरून झिजली म्हणावं, तर झीज आधी उंचवट्यांवर येते, पिसांमधल्या खाचा तशाच राहतात. इथे खाचाच उथळ आहेत. मला ही ओतकामाची नक्कल वाटते. मुठीच्या रंगावर मात्र जाऊ नकोस. अस्सल मुठी पांढऱ्यापासून गडद नारिंगीपर्यंत सगळ्या छटांत सापडतात.

पाहायला मिळाला तर विकणाऱ्याला विचारून खंजीर खोल. माथ्यावरचं ओकच्या पानांचं बोंड फिरवलं की सुटतं. मग मूठ आणि परज निघते, परजेखाली चामड्याची छोटी चकती असते. मुठीत दडलेलं पात्याचं शेपूट नीट बघ. इतक्या वर्षांचा गंज काळपट, घट्ट बसलेला असतो; बोटाला लालसर भुकटी लागली तर सावध हो. भाग एकमेकांत सैल बसतात का, तेही बघ. युद्धानंतर उरलेल्या सुट्या भागांतून कितीतरी खंजीर जुळवले गेले. फक्त मुठीभोवती रुपेरी दोरीचा पोर्टेपे, म्हणजे शोभेचा गोंडा, जुन्या गाठीत बांधलेला असेल, तर खोलायचा मोह आवर. ती गाठ पुन्हा तशी बसत नाही.

पात्यावर कारखान्याची खूण असते: कार्ल आयकहॉर्नची खार, रोबेर्ट क्लासचे दोन करकोचे. या खुणा आम्लाने कोरलेल्या असत. कोरलेलं नाव किंवा अर्पणाचा मजकूर दिसला की भाव चढतो, म्हणून ते मागाहूनही कोरतात. तिथे भिंग जास्त वेळ धर.

आणि पॉलिश लावू नकोस. माझा पहिला खंजीर मी पितळी भांड्यांच्या पॉलिशने एका दुपारी घासला. संध्याकाळी परजेवरचा रुपेरी मुलामा फडक्यावर आला होता आणि खाली करडं जस्त उघडं पडलं होतं. तो गरुड आजही तसाच आहे. बघितला की वाईट वाटतं. कोरडं मऊ फडकं आणि पात्याला तेलाचा पुसटसा हात, एवढं पुरे.

एक गोष्ट घरच्यांनी विचारायच्या आत तूच स्वतःला विचार. २ ऑगस्ट १९३४ ला जर्मनीचा राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वारला आणि सैन्याने थेट हिटलरच्या नावाने शपथ घेतली. हा खंजीर त्याच्या पुढच्याच वर्षीचा. ज्यांच्या कमरेला तो लटकत होता त्यांनी काय केलं, हे वाचल्याशिवाय तो घरात आणू नकोस. कौतुकाने भिंतीवर टांगायची ही वस्तू नाही. मी माझे कपाटात, प्रत्येकाच्या टिपणासकट ठेवतो. इथे जर्मनीत हाकेनक्रॉइत्स, म्हणजे नाझींचं स्वस्तिक, चारचौघांत मिरवणं हा गुन्हा आहे, तेव्हा फोटो कुठे टाकायचे झाले तर ते चिन्ह झाक. रस्त्याने नेताना बंद, कुलूप लावलेल्या पेटीतच ने. आणि सुट्टीत पुण्याला घेऊन जायचा बेत असेल तर सोडून दे. तिकडे खंजीर शस्त्र कायदा, १९५९ मध्ये येतो.

शनिवारी झोलिंगनला ये. ग्रेफ्राथच्या जुन्या मठातलं पात्यांचं संग्रहालय आधी पाहू, मग माझ्याकडे. अस्सल तीन आणि नकली दोन खंजीर टेबलावर मांडून ठेवतो. कुठला कसा, ते मी सांगणार नाही. तू हातात घेऊन सांग. येताना दहापट भिंग आण, माझ्याला चीर गेली आहे.

तुझा,
काका