वहीवरचा रक्ताचा ठिपका

चि. पोरी,

परवा रक्तातल्या साखरेची वही दाखवलीस. महिनाभराचे आकडे ११०, ११८, १२२. सगळे एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेले. पानाच्या कोपऱ्यात कुठे रक्ताचा ठिपका नाही. तुझ्या आईला कळलं नाही, मला कळलं. त्या शाळेचा हेडमास्तर मीच.

मला मधुमेह निघाला तेव्हा आमच्या दापोलीत बोटाच्या रक्ताच्या थेंबावरून साखर सांगणारे ग्लुकोमीटर घरोघरी नव्हते. साखर बघायला बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळं राहिलं तर बरं. नाहीतर हिरवं, पिवळं, आणि शेवटी जांभ्या चिऱ्यासारखं लाल. माझा बहुतेक वेळा चिराच निघायचा. वहीत लिहायचो 'निळा'.

डॉक्टरांनी त्या निळ्यावर विश्वास ठेवला, इन्शुलिन वाढवलं नाही. पुढे त्या चढलेल्या साखरेपायी दोन्ही डोळ्यांना लेसर करावं लागलं. आता अंधार पडला की हर्णै बंदरातल्या होड्यांचे दिवे मला धड दिसत नाहीत. म्हणून सांगतो, खरा आकडा लिही. ३२० आला तर ३२०.

ते तुझ्या वागणुकीचे गुण नाहीत गो! ताप आला, पाळी जवळ आली, परीक्षेचं टेन्शन आलं, तरी साखर चढते. आणि एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी केली की गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर बाहेर येतेच. मग फसवतेस कोणाला?

कंटाळा येतो म्हणालीस. येणारच. दिवसाला चार सुया, गणपतीतही सुट्टी नाही. चाळीस वर्षं झाली, मला अजून येतो. अशा दिवशी रकाना रिकामा ठेव, नाहीतर सरळ 'कंटाळा' लिही. खोटा आकडा मात्र नको.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, लाईट गेली ती कितीतरी दिवस आलीच नाही. इन्शुलिनच्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवल्या होत्या. जेवणाचा मेळ नाही, झोप नाही, आकडे भयंकर. पण एकूणएक लिहिले. ती माझी सगळ्यात घाणेरडी वही, आणि डॉक्टरांच्या सगळ्यात कामाला आलेली.

तुझी काकू म्हणते, चतुर्थीला तीन मोदक हाणणाऱ्याने दुसऱ्याला शिकवू नये. हाणतो. पण वहीत लिहितो: 'मोदक ३, साखर २६०.' तिला यातला फरक कधी पटला नाही.

रविवारी ये. नवी वही आण, आणि मीटर विसरू नकोस. त्यात मागचे आकडे साठलेले असतात, ते दोघं बसून उतरवू. आईला मी काही बोललेलो नाही.

तुझा,
काका