धर्मामुळे खासगी नोकरीवरून काढले, तर न्यायालयात दाद मागता येते का?

कार्यालयातील सत्यनारायणाच्या पूजेला बसण्यास तुम्ही नकार दिलात आणि त्यानंतर काही आठवड्यांतच ‘कामगिरी असमाधानकारक’ असे कारण देऊन तुम्हाला काढले गेले. यावर धार्मिक भेदभावाचा खटला भरता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. दाद मागता येते, पण त्या नावाने नाही. धर्मावरून भेदभावाला मनाई करणारा संविधानाचा अनुच्छेद १६ सरकारी नोकरीपुरता आहे, आणि खासगी मालकाने धर्मावरून कोणाला काढू नये असे थेट बजावणारा सर्वसमावेशक कायदा आपल्याकडे नाही. बडतर्फी सूडबुद्धीने झाली, कारण खोटे दाखवले, चौकशी नीट झाली नाही, अशाच वाटेने कामगार न्यायालयात जावे लागते. मी त्या वाटेने गेले आहे, म्हणून लिहिते.

अंधेरीच्या एमआयडीसीतील एका औषध कारखान्यात मी पॅकिंग विभागात कायम कामगार होते. तेथे दरवर्षी सत्यनारायण होत असे आणि आम्ही बौद्ध कामगार त्या वेळी मशीनवर थांबत असू. जुन्या व्यवस्थापकांनी त्याला कधी हरकत घेतली नाही. नवे व्यवस्थापक आले आणि त्यांनी पूजेची मांडणी माझ्याकडे सोपवली. चौरंगाला केळीचे खुंट बांधायचे, कलश मांडायचा आणि आरतीला सर्वांसोबत हात जोडून उभे राहायचे. माझ्या आजोबांनी ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर, बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या जागीच, धम्मदीक्षा घेतली होती. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, ही बावीस प्रतिज्ञांतील पहिली प्रतिज्ञा आमच्या घरी लहान मुलांनाही पाठ असते. पूजा चालू असेपर्यंत बेल्ट मी एकटी सांभाळते, पण हात जोडणार नाही, असे मी शांतपणे सांगितले.

आरोपपत्रात पूजेचा उल्लेखही नव्हता. ‘वरिष्ठांच्या कायदेशीर व वाजवी आदेशाची हेतुपुरस्सर अवज्ञा’ एवढेच शब्द होते. चौकशी अधिकारी कंपनीनेच नेमलेला, माझ्या साक्षीदारांना बोलावलेच नाही, आणि मला बडतर्फ केले. अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली, नव्वद दिवसांची मुदत सांभाळून, मी वांद्र्याच्या कामगार न्यायालयात तक्रार दाखल केली. उलटतपासणीत माझ्या वकिलांनी व्यवस्थापकांना विचारले, आदेश कोणता होता? ते म्हणाले, कामाचा. पॅकिंगच्या कामाचा का? नाही. मग कोणत्या? त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाले, ‘पूजेच्या तयारीचा.’ ते शब्द टंकलेखकाने जसेच्या तसे उतरवून घेतले.

निकाल माझ्या बाजूने लागला. चौकशी सदोष ठरली, पुन्हा कामावर घेण्याचा आणि निम्मे थकीत वेतन देण्याचा आदेश झाला. पण संपूर्ण निकालपत्रात ‘धर्म’ हा शब्द कोठेही नाही. वकील समाधानी होते, मला मात्र ते आजही खुपते.

माझे थोरले बंधू महापालिकेत आहेत. ‘दोन मिनिटे हात जोडले असतेस तर एवढी वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या नसत्या,’ असे ते अजूनही म्हणतात, आणि तुमच्याही घरी कोणीतरी असे म्हणत असेलच. ज्याच्या नोकरीमागे अनुच्छेद १६ उभा आहे त्याने हे सांगणे सोपे आहे. हात जोडणे ही जर इतकी क्षुल्लक गोष्ट असेल, तर न जोडल्याबद्दल एखाद्याची भाकरी काढून घेण्याइतकी ती मोठी कशी होते? मला पगार पॅकिंगचा मिळत होता, भक्तीचा नव्हे. दादांनी याचे उत्तर आजवर दिलेले नाही.

म्हणून माझा सल्ला असा की पूजेला नकार, त्याची तारीख, तेथे कोण हजर होते आणि त्याआधीचे तुमच्या कामाचे शेरे, हे सर्व पहिल्याच लेखी उत्तरात मांडा. मालक खरे कारण स्वतःहून लिहून देत नाहीत. २०१५ मध्ये मुंबईतील एका हिरे कंपनीने एका तरुणाला ‘आम्ही फक्त बिगर-मुस्लिमांना घेतो’ असे ईमेलने कळवले आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. त्यानंतर असे लेखी देण्याची चूक सहसा कोणी करणार नाही. पूजेचा मुद्दा वगळा, त्याने प्रकरण बिघडते, असे वकील म्हणतील. प्रक्रियेतील दोष ते पुढे ठेवतात ते योग्यच आहे, पण पूजेचा परिच्छेद वगळू देऊ नका. तक्रारीत तो नसेल, तर उलटतपासणीत तो प्रश्न विचारायला आधारच राहत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. माझे प्रकरण जुन्या कायद्यांखालचे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे, त्यामुळे मुदत किती आणि दाद कोठे मागायची हे वकिलांना याच आठवड्यात विचारा. तुमचे काम व्यवस्थापकीय असेल, किंवा पर्यवेक्षकाचे असून वेतन दरमहा १८,००० रुपयांपेक्षा अधिक असेल, तर ‘कामगार’ या व्याख्येत तुम्ही बसणार नाही आणि नेमणूकपत्रातील अटींच्या आधारे दिवाणी न्यायालयात जावे लागेल. तसे झाले तरी तो परिच्छेद दाव्यात राहू द्या.